वरिजनल शॉकअप कसा ओळखावा

दुकान म्हटलं की न खपलेला माल साठतोच. माझ्या दुकानात वरच्या फळीवर बंद पडलेल्या एका जीपचा हेडलाइट आहे, कुणीतरी मागवलेला आणि कधीच न नेलेला गॅस्केटचा सेट आहे. विकत कोणी नेत नाही आणि फेकायचा म्हटलं तर हात धजत नाही. किश्शांचंही तसंच होतं बघा. कोणी काही बोलून जातं, आपण हसतो, विसरतो. आणि एखाद्या दिवशी भलताच डबा उघडावा, तर तो किस्सा आत जसाच्या तसा!

माझं दुकान कड्यात, नगर रस्त्याला. मोटारींचे स्पेअर पार्ट विकतो. समोर रशीदचाचांचं गॅरेज, मधे चहाची टपरी. मी पार्ट विकायचे आणि चाचांनी ते बसवायचे, असं आमचं पंचवीसेक वर्षं चाललंय. मला लोक 'भाऊ' म्हणतात. त्यांना सगळं गाव 'चाचा' म्हणतं, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा!

यंदाच्या उन्हाळ्यात आमचा सगळा चौक शॉकअपच्या मागे लागला होता. शॉकअप म्हणजे चाकापाशी बसणारी तेलाची नळी. खड्ड्यात चाक आपटलं की पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, उसळतात, त्या उसळीला लगाम घालायचं काम तिचं. दिसायला काहीच नाही, हातभर लांबीचा लोखंडी दांडका. पण त्या दांडक्यापायी आम्ही तीन म्हातारे कसे हिंडलो, ते सांगतो.

*

आमच्या भागात दुकानात शिरलेल्या माणसाचा पहिला शब्द 'राम राम' नसतो. 'वरिजनल हाय का?' हा असतो. मग तो बसतो, पाणी पितो, आणि त्यानंतर कोणता पार्ट पाहिजे ते सांगतो.

एकदा पाटोद्याकडचा एक गृहस्थ शॉकअपची जोडी न्यायला आला. मी कंपनीचा खरा माल काढून ठेवला. करड्या पुठ्ठ्याचा साधा खोका, कोपरे दबलेले. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात त्याची नजर शेजारच्या खोक्यावर गेली. तो लोकल माल. पण खोका लालभडक, वर चकाकणारं होलोग्राम, आणि चारी बाजूंनी 'ओरिजनल' छापलेलं.

"ह्यो द्या."

"अहो, तो डुप्लिकेट आहे. मी स्वतः सांगतोय!"

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊ, डुप्लिकेट असता तर इतक्या ठिकानी लिव्हलं असतं व्हय?"

घेऊन गेला! आपण खरे आहोत हे चारचौघांत सांगायची सवय खऱ्या मालाला नसते, असं तेव्हापासून माझं मत झालंय. हे मत मी माणसांनाही लावून पाहिलंय. बऱ्याचदा बसतं.

*

खरा विषय सुखदेव आण्णांच्या पिकअपचा.

आण्णा कड्यापासून सहा किलोमीटरवरच्या वस्तीवर राहतात. पासष्टी ओलांडलेले, बोलायला कंजूष. त्यांची पिकअप एकेकाळी पांढरी होती, आता रंग कोणता ते सांगणं अवघड. गेल्या अठरा-वीस वर्षांत तिनं कांदा वाहिला, मंडपाचे बांबू वाहिले, शेळ्या वाहिल्या आणि लग्नसराईत वऱ्हाडंही वाहिली.

यंदा हिवाळा सरता सरता त्यांच्या घरच्या, कौशाकाकू, माळवदावर वाळत घातलेली तूर आणायला चढल्या आणि उतरताना शिडीवरून पडल्या. मणक्याला मार बसला. नगरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण तीन महिने आठवड्याला एकदा इथं येऊन शेक आणि व्यायाम घ्यायचा. एकही फेरी चुकवायची नाही.

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी काकू पिकअपच्या पायरीपाशीच थांबल्या.

"डॉक्टर जेवढं बरं करतो, तेवढं ही गाडी परतीच्या वाटंला मोडून ठिवती," त्या म्हणाल्या. "दुखनं परवडलं, गाडी नगं. मी येणार न्हाई."

आणि नाहीच गेल्या! भावकीतल्या एकानं कार दिली, तर तिच्यात खाली वाकून बसताना काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. एसटीचा विषयच नाही. बसायला बरी अशी एकच गाडी, पिकअप, कारण तिची सीट बरोबर कमरेच्या उंचीला. आणि तीच दणके देणारी. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, उपचार अर्ध्यात सोडलात तर कंबर कायमची धरेल. ते दर वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचे, "आजीबाई, झोप लागते का?" त्यावर काकूंचं दर वेळी एकच उत्तर, "न्हाई." पडल्यापासून त्यांना सलग तासभर झोप मिळाली नव्हती. डॉक्टर म्हणायचे, झोप आली की समजा निम्मं काम झालं.

आण्णा माझ्या काउंटरला आले. म्हणाले, "भाऊ, गाडी नवी आणली तव्हा ही माझ्या शेजारी बसून नगरला यायची. लई मऊ चालायची गाडी. तशी करून दे."

"नवी जोडी टाकू की, आण्णा."

"नवी नगं. पयल्यासारखी पायजे."

*

आता यात गोम अशी की, आण्णांनी कांद्याच्या लोडासाठी मूळचे शॉकअप कधीच काढून टाकले होते. त्या जागी जास्त लोडाचे, कडक शॉकअप बसवले होते आणि वर एक जादा पाटाही चढवला होता. दहा क्विंटल कांदा असला की गाडी मजेत चालायची. पण मागे माल नसला आणि पुढे फक्त काकू असल्या, की गाडी खडीवरून नेलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी उडायची.

त्या काळात कंपनीनं या पिकअपला एकामागोमाग तीन जातीचे शॉकअप लावले होते. वरून तिघं भाऊ भाऊ. फरक फक्त नळीवर ठोकलेल्या नंबरात आणि आतल्या स्वभावात. आण्णांच्या गाडीला यातला कोणता होता?

मी डीलरकडे फोन केला, चॅसी नंबर दिला. तिथला माणूस हुशार होता. त्यानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "तुमच्या गाडीला तिन्ही नंबर दाखवतंय."

"मग बसवला कोणता होता?"

"सोपंय की! गाडीखाली झोपा आणि जुन्या शॉकअपवरचा नंबर बघा."

मी रशीदचाचांकडे गेलो. जुने शॉकअप त्यांनीच काढलेले. चाचा हातातला पाना खाली ठेवून विचारात पडले.

"पंधरा वर्षं झाली, भाऊ. मानसाचा चेहरा ध्यानात ऱ्हातो, शॉकअपचा कसा ऱ्हाईल?" मग हळूच म्हणाले, "ते कडक शॉकअप म्याच बसवलते. भाबीच्या कमरेला म्याच दनके घातले म्हन की!"

मी म्हणालो, चाचा, काहीतरीच काय बोलता, आण्णांनी सांगितलं म्हणून तुम्ही बसवले. पण चाचांच्या मनातून ते गेलं नाही. मला त्यांचा तो चेहरा बघवला नाही.

*

चाचांच्या हाताची मात्र गोष्टच वेगळी. मागे एकदा एका कंपनीचा सेल्समन आला होता, टाय बांधून, उन्हात! त्यानं टपरीच्या बाकावर चार शॉकअप मांडले आणि आमच्या मालाला तोड नाही वगैरे सुरू केलं.

चाचांनी एकेक उचलला, उभा धरला, छातीचा भार देऊन खाली दाबला, सोडला. डोळे मिटलेले. चौथा झाल्यावर म्हणाले, "यातले तीन तुमचे. ह्यो चौथा तुमचा न्हाई."

सेल्समन हसला. "चाचा, चारही आमच्याच गोडाउनमधून आणलेत!"

"आनले असतील. पर ह्यो तुमचा न्हाई."

पैज लागली चहाची. सेल्समननं भिंग काढून नंबर बघितले. चौथ्याचा शिक्का वाकडा होता आणि एक आकडा कमी होता! बिचारा टाय सैल करून बसला.

मी चाचांना विचारलं, तुम्हाला कळतं तरी कसं? चाचा म्हणाले, "असली शॉकअप दबतानी हट्ट करतो आन् वर येतानी इचार करतो. नकली झटक्यात दबतो आन् झटक्यात उसळतो." चहाचा घोट घेऊन पुढं म्हणाले, "आपल्या पुढाऱ्यावानी."

सेल्समननं चार चहा पाजले आणि जाताना चौथा शॉकअप चाचांपाशीच सोडून गेला.

*

माझीही एक फजिती सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाऊ दुसऱ्यांचंच सांगतो.

आण्णांच्या गाडीसाठी तिघांतल्या एका नंबराची जोडी माझ्याच फळीवर पडून होती. म्हटलं, हीच लावून बघू. आण्णांसमोर खोका फोडला, शॉकअप हातात घेऊन दाबला. फुस्स! सायकलच्या फुटक्या पंपासारखा खाली गेला. दुसराही तसाच. आण्णांचा चेहरा पडला. मी तर तापलोच. लगेच डीलरला फोन लावून तोंडाला येईल ते बोललो. डुप्लिकेट माल पाठवता का, पंचवीस वर्षांचा धंदा आहे माझा, असं बरंच काही.

चाचा रस्ता ओलांडून आले. त्यांनी दोन्ही शॉकअप उभे धरले, सावकाश चार-पाच वेळा खालीवर केले आणि माझ्या हातात दिले. "आता दाब."

दाबला. हट्ट केला त्यानं! सोडला, तर विचार करत करत वर आला.

"दोन वर्षं फळीवर आडवा ठिवलास त्याला," चाचा म्हणाले. "तेल एका अंगाला, हवा एका अंगाला. झोपलेल्याला उठवून लगीच पळ म्हनतोस व्हय बे?"

डीलरची माफी मागायला मला दोन दिवस लागले. जोडी गाडीला लावून आण्णा एक फेरी मारून आले. मधला नंबर होता तो, ना कडक ना मऊ. आण्णांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. मग ती जोडी काढली आणि पुन्हा फळीवर ठेवली. या वेळी उभी.

*

आमच्या टपरीवर माने सर येतात. हायस्कुलात विज्ञान शिकवतात आणि जगातली कोणतीही वस्तू मोबाइलवर मागवतात. नेलकटरपासून घमेल्यापर्यंत! त्यांनी आण्णांचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"काय तुम्ही जुन्या काळात राहता! गाडीचं आरसी बुक आणा."

आरसी बुकावरचं वर्ष बघून, फोटो मोठे करून, लोकांचे अभिप्राय वाचून सरांनी मऊ जातीची जोडी मागवली. आठ दिवसांनी पार्सल आलं. आम्ही सगळे जमलो. खरं सांगतो, माल अस्सल होता. खोका साधा, शिक्का सरळ, नंबर पुरा. चाचांनी डोळे मिटून दाबला आणि "वा!" म्हणाले.

मग गाडीखाली गेले आणि तिथूनच ओरडले, "भाऊ, ह्याचं खालचं डोळं बारीक हाय! बोल्टच जात न्हाई!"

झालं असं होतं की, आण्णांची गाडी कारखान्यातून निघाली एका साली आणि शोरूममध्ये पडून राहून पासिंग झाली पुढच्या साली. आरसी बुकाच्या पहिल्या पानावर पुढचं साल. तेवढ्यात कंपनीनं बोल्ट बदलला. मऊ जातीतही मग दोन प्रकार निघाले, जुन्या बोल्टाचा आणि नव्या बोल्टाचा. जुन्याचा नंबर डीलरच्या कॉम्प्युटरवर नव्हता, आणि नंबराशिवाय तो काही शोधून देईना.

माने सर हिरमुसले. "पण ओरिजनल आहे ना?"

"हाय की," चाचा कपड्याला हात पुसत म्हणाले. "वरिजनल हाय, सर. फक्त आपला न्हाई."

मला हे वाक्य दिवसभर पुरलं. सरांनी पार्सल परत पाठवलं, आणि मला वाटतं अभिप्रायात तीन तारेही दिले.

*

तोपर्यंत काकूंच्या चार फेऱ्या चुकल्या होत्या. त्या आता बाजेवरून उठताना आण्णांचा खांदा धरत होत्या. आण्णा रोज चौकात यायचे, काही विचारायचे नाहीत, टपरीच्या बाकावर बसून राहायचे. ते विचारत नव्हते हेच आम्हाला लागायचं.

शेवटी चाचा म्हणाले, नगरच्या भंगार बाजारात जाऊ. त्या सालच्या पिकअप तिथं कापायला येतात, एखादीला मूळचे शॉकअप असतील. आम्ही तिघं निघालो, आण्णांच्याच गाडीत. मधे मी बसलो होतो. कड्याच्या बाहेर पडेपर्यंतच मला काकूंचं म्हणणं पटलं!

भंगारवाल्याकडे शॉकअपचा ढीग होता. त्यातल्या एका जोडीवर काळा रंग चमकत होता आणि नंबर ठसठशीत. मी खूश. चाचांनी खिशातलं फडकं डिझेलमध्ये बुडवून नळीवर घासलं. रंग गेला, खाली गंज. पुन्हा घासलं, नंबराच्या खाली दुसराच नंबर!

मला वाटलं, आता भांडण होणार. भंगारवाला मात्र जराही ओशाळला नाही. त्यानं गादीखालून आकडे ठोकायचे पोलादी पंच आणि हातोडी काढली आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं,

"चाचा, नाराज कशापायी होता? तुमाला नंबर कोनता पायजे तेवढं सांगा. इथंच टाकून देतो!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढंच तर आम्हाला माहीत नव्हतं!

चाचा हसत हसत खाली बसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

*

येताना आम्ही वस्तीवर थांबलो. काकूंना तोंड दाखवून, जमलं नाही म्हणून सांगायचं होतं. चाचांनीच हट्ट धरला. म्हणाले, मी स्वतः भाबीला सांगतो.

काकू ओसरीत बाजेवर होत्या. पडल्या पडल्या सगळ्या घरावर त्यांचं लक्ष. सुनेला म्हणाल्या, चहात साखर कमी टाक, भाऊंना शुगर हाय. मला अजून कळलेलं नाही की हे त्यांना कोणी सांगितलं.

चाचा अंगणातून ओसरीकडे जाताना कशाला तरी ठेचकाळले आणि पडता पडता वाचले. बघतात तर शेळीचा खुंटा. चाचा खुंट्याला शिवी घालणार होते, पण तोंड उघडं तसंच राहिलं. ते हळूहळू गुडघ्यावर बसले. खुंट्याच्या वरच्या टोकाला लोखंडी डोळं होतं, त्यात शेळीचं दावं ओवलेलं. चाचांनी त्या डोळ्यात आपलं बोट घातलं आणि फिरवलं.

"भाऊ," ते म्हणाले, "मोठं हाय. जुन्या बोल्टाचं."

मी धावलो. आण्णाही आले. पुरलेल्या शॉकअपची नळी वीतभर जमिनीवर होती. शेळीनं मान घासून घासून ती इतकी गुळगुळीत केली होती की गंज धरायला जागाच राहिली नव्हती. चाचांनी फडक्यानं पुसलं. नंबर लखलखीत! वर कारखान्यातल्या पिवळ्या पट्टीचा नखाएवढा तुकडासुद्धा शिल्लक.

आम्ही खुंटा उपटला, हे वेगळं सांगायला नको. शेळी शेजाऱ्याच्या घासाच्या वाफ्यात गेली, ती सुनेनं ओढून आणली.

"भाबी," चाचा ओसरीपाशी तो शॉकअप दोन्ही हातांत धरून उभे राहिले, "ह्यो कुठून आला?"

"कुठून म्हंजे? गाडीचाच की," काकू म्हणाल्या. "तुमी कडक बसवले त्या दिवशी हे भंगारात घालत व्हते. म्या म्हनलं, चांगलं लोखंड हाय, खुंट्याला व्हईल. दुसरा गोठ्यात पुरलाय, गाईला." मग आण्णांकडे बघून म्हणाल्या, "त्याच दिवशी म्या म्हनले व्हते, गाडी पयल्यासारखी ऱ्हायली न्हाई. ध्यानात हाय का?"

आण्णा खुंट्याचा खड्डा पायानं बुजवू लागले.

"भाबी, या नंबरापायी आमी नगर पालथं घातलं! डीलर झाला, मोबाइल झाला, भंगार झालं."

काकूंनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"मला इचारलं का कुनी?"

*

गोठ्यातला खुंटाही उपटून नंबर ताडून पाहिला. मग पुढचं सोपं होतं. डीलरनं सांगितलं, त्या नंबराची जोडी एका गोडाउनमध्ये शिल्लक आहे. चार दिवसांनी खोका आला. करडा, कोपरे दबलेला. मला तो बघूनच बरं वाटलं.

चाचांनी त्या दिवशी दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. आधी जादा पाटा काढला. मग शॉकअप उभे धरून, सावकाश खालीवर करून जागे केले आणि बसवले. नव्या रबरी बुशला स्वतःच्या हातानं साबणाचं पाणी लावलं. मग हात धुतले आणि काकूंच्या सीटवर जाऊन बसले. पाठ टेकली, डोळे मिटले.

"चला आण्णा. चौकापुढच्या गतिरोधकावरून न्या. जोरात."

मी टपरीवरून बघत होतो. गाडी गतिरोधकावरून गेली, मागचा भाग खाली बसला आणि विचार करत करत वर आला. चाचांचे डोळे मिटलेलेच होते. परत आल्यावरही ते मिनिटभर उतरले नाहीत. मग म्हणाले, "घिऊन जा भाबीला."

काढलेले कडक शॉकअप आण्णांनी गाडीत टाकले. काकूंनी निरोप पाठवला होता, शेळी आणि गाय दोन्ही खुंट्यावाचून मोकळ्या हायत म्हणून.

नगरची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची मिळाली. आठ वाजता पिकअप आमच्या चौकातून गेली. काकू पुढं ताठ बसल्या होत्या, एका हातानं वरची कडी घट्ट धरलेली, चेहऱ्यावर अविश्वास. चाचांनी हात वर केला. काकूंनी केला नाही, त्यांना कडी सोडायची नव्हती. आण्णा बैलगाडी हाकावी तसे हळू चालले होते.

त्यानंतर आमचं कामात लक्ष नव्हतं. चाचांनी एका ट्रॅक्टरचं तेच चाक दोनदा खोललं. एकानं क्लचप्लेट मागितली, मी त्याला फॅनबेल्ट दिला.

साडेअकराच्या सुमाराला नगरकडून पिकअप येताना दिसली. मी घड्याळ बघितलं. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि शेक-व्यायामाला कमीत कमी एक तास. हिशेब जमेना. वाटेतूनच परत आले की काय? पुन्हा दणके बसले की काय?

चाचा पाना टाकून रस्त्यावर गेले. मागून मी. गाडी आमच्याजवळ येऊन थांबली, पण आण्णांनी इंजिन बंद केलं नाही. त्यांनी काचेतून एक बोट ओठांवर ठेवलं.

काकूंची मान एका बाजूला कलली होती. कडीवरचा हात मांडीवर पडला होता, तळवा उघडा. तोंड किंचित उघडं. पदर गळ्यापाशी आला होता आणि श्वासाबरोबर हलत होता.

चाचांनी मागं वळून हवेचा कॉम्प्रेसर बंद करायची खूण केली. तो बंद झाला. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

मी खिडकीपाशी तोंड नेऊन कुजबुजलो, "डॉक्टर काय म्हणाले?"

"भेटलोच न्हाई," आण्णाही कुजबुजले. "दवाखान्याच्या गेटापतूर गेलतो."

"मग?"

आण्णांनी शेजारी पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं, आम्हाला एवढंही कळत नाही का, असं.

"अन् आता? घरी?"

"घरी न्हेली तर गाडी बंद करावी लागंल."

त्यांनी इतक्या हळू गिअर टाकला की मला तो ऐकूच आला नाही.

"तसाच फुडं आष्टीपतूर जातो," ते म्हणाले. "तवर न्हाई उठली, तर पाटोदा."